डबे कुठं पडले होते

आज सकाळी तो फोटो पुन्हा आला. या खेपेला मोडनिंबच्या एका लांबच्या भाच्याकडून. खाली हात जोडल्याची चिन्हं आणि मजकूर : 'आर्क्टिकच्या बर्फात सोलापूरच्या ज्येष्ठ दुर्गप्रेमींचं श्रमदान. गोऱ्यांना जमलं नाही ते आपल्या माणसानं करून दाखवलं.' फोटोत मी आहे. एका कानटोपीवर दुसरी कानटोपी, अंगात लेकीचं लाल जाकीट, मागं पांढरा डोंगर आणि पुढ्यात गंजक्या पत्र्याच्या डब्यांची उतरंड. मोठे खाली, लहान वर. तोंडावर असा भाव, जणू ते बेट मीच जिंकलंय.

मी भाच्याला फोन केला. म्हटलं, बाबा रे, हे पुढं पाठवू नकोस, यात कौतुकासारखं काही नाही. तो म्हणाला, "मामा, फोटोत तुमीच हाय की!"

आता याला काय सांगायचं? सांगून सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं आणि निदान यापुढं मला शाल घालायला येऊ नये.

मी अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर होतो. उभा जन्म नटबोल्ट, बेअरिंग, पट्टे, ग्रीसचे डबे मापाप्रमाणे रॅकवर लावण्यात गेला. निवृत्तीनंतर सोलापुरात आलो आणि गड-किल्ल्यांची साफसफाई करणाऱ्या एका मंडळात शिरलो. रविवारी नळदुर्ग, कधी परांडा, नाहीतर आपला गावातलाच भुईकोट. बाटल्या, गुटख्याच्या पुड्या गोळा करायच्या, वेड्या बाभळी तोडायच्या, शेवटी कचऱ्याचा ढीग पुढं ठेवून फोटो काढायचा. काम चांगलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी मुलगी नॉर्वेत असते. पुरातत्त्व शिकली. नॉर्वेच्याही उत्तरेला, बर्फाच्या समुद्रात काही बेटं आहेत. महायुद्धात तिथं सैनिकांच्या लहान लहान तुकड्या लपून राहायच्या आणि हवामान कसं आहे ते बिनतारी यंत्रानं कळवायच्या. युद्ध संपलं, माणसं गेली. खोपटी, खांब, पिंपं, खाल्लेल्या मांसाचे डबे सगळं तिथंच राहिलं. त्या थंडीत काही कुजत नाही. मुलगी उन्हाळ्यात तिथं जाऊन एकेक वस्तू मोजायची आणि नकाशावर उतरवायची. बायको म्हणायची, "एवढं शिकली आणि भंगार मोजती."

एका उन्हाळ्यात मी तिच्याकडं गेलो. बायकोचे गुडघे धरलेले, ती आली नाही. मुलीनं आपल्या साहेबांच्या विनवण्या करून मला एका फेरीला सोबत नेण्याची परवानगी काढली. बोटीतच ती म्हणाली, "बाबा, तिथं कशालाही हात लावायचा नाही. तिथला कचरा हाच इतिहास आहे. कायद्यानं बंदी आहे."

"बरं."

"नुसतं बरं नको. कळलं का?"

"कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

हे मुद्दाम लिहितो. मला सांगितलं नव्हतं असं कोणी म्हणू नये. सांगितलं होतं, आणि मला कळलंही होतं.

उन्हाळा म्हणायचा तो आपला म्हणायला. खाडीत बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते. जमीन टाच मारली तरी दगडासारखी लागायची. किनाऱ्यापासून थोडं वर एक बसकं खोपटं, छप्पर आत आलेलं. चूल उघड्यावर आणि तिचं लोखंडी दार तिसरीकडंच. तारांची भेंडोळी, बुटांचे तळ, आणि चहूबाजूंना डबे. खिळ्यानं भोसकून उघडलेले, काही बर्फानं भरलेले, काही जमिनीत अर्धे रुतलेले. झाड नाही, पाखराचा आवाज नाही, नुसता वारा. इथं माणसं वर्षभर राहिली हे डोक्यात शिरेना.

सोबत बंदूक घेतलेली एक बाई होती. पांढरी अस्वलं येतात म्हणून. ती टेकाडावर उभी राहून दुर्बिणीनं चहूकडं बघायची. अस्वल कुठूनही येऊ शकतं, फक्त खोपट्यातून येणार नाही. त्यामुळं खोपट्याकडं तिची कायम पाठ.

मुलीनं खोपट्याची एक बाजू नकाशावर घेतली होती. डब्यांची बाजू दुसऱ्या दिवशी घ्यायची होती. ती आणि साहेब वर कड्यावर बिनतारीचे खांब बघायला गेले. मला एका पेटीवर बसवलं, हातात चहाचा थर्मास दिला. चहा संपला. बसून बसून पाय बधिर झाले. आणि ते डबे समोर, अस्ताव्यस्त.

एक उचलला. मग त्याच मापाचा दुसरा. मग मला काही सुधरलंच नाही. रुतलेले होते ते टाचेनं ठोकून मोकळे केले. तारेची गुंडाळी केली. बुटांचे तळ एका ओळीत मांडले. चुलीचं दार चुलीला लावलं, ते बसलंही अगदी फिट. अंगात ऊब आली. फोन दगडाला टेकवून फोटो काढला आणि दोघं परत यायची वाट बघत बसलो. शाबासकी मिळणार याची मला खात्री होती.

साहेबांनी टोपी काढली. उतरंडीभोवती एक चक्कर मारली.

मुलगी म्हणाली, "बाबा, हे डबे कुठं होते?"

"इथंच की. पसरले होते सगळे."

"कुठं पसरले होते?"

"अगं, इकडं-तिकडं."

ती गुडघ्यांवर बसली. "इथं महिनेच्या महिने अंधार असतो. माणूस दारातून डबा किती लांब फेकतो, कुठल्या बाजूला फेकतो, उजेड आल्यावर किती लांब नेऊन टाकतो, त्यावरून कळतं की ही माणसं बाहेर पडायला कधी भ्यायची आणि कधी नाही. ते सगळं डबा पडलेल्या जागेवरून कळतं. आता या ढिगावरून काय कळणार? एवढंच की माझा बाप नीटनेटका आहे."

तिनं डोळे पुसले आणि कागद-पेन्सिल घेतली. "आठवून सांगा. एकेक करून."

आता जे लिहितो ते मी गेल्या महिन्यापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. तीन वस्तू मला खरंच आठवत होत्या. बाकीच्या नाही. पण मी एक जागा दाखवली आणि तिची पेन्सिल चालली, तसा तिचा चेहरा थोडा निवळला. म्हणून दुसरी दाखवली. मग तिसरी. "हा त्या दगडापाशी. हे दोन पिंपाच्या मागं. हा उताराला, आडवा." स्टोअरमध्ये सांगायचो तसं ठामपणे सांगत गेलो. सगळे डबे संपेपर्यंत सांगितलं. सगळं मनानं रचलेलं. साहेबांना ती म्हणाली, माझ्या वडिलांची स्मरणशक्ती पक्की आहे, त्यांचा उभा जन्म वस्तूंच्या जागा लक्षात ठेवण्यात गेला. तेव्हा तरी तोंड उघडायचं! नाही उघडलं.

नंतर कुठल्याशा जुन्या प्रवाशानं काढलेला त्या जागेचा एक फोटो त्यांच्या हाती लागला. त्यात एका बाजूचे डबे दिसत होते. नकाशाशी जुळेनात. मुलीच्या नावाचा नकाशा मागं घेतला गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिला नेलं नाही. ती आता कार्यालयात बसून दुसऱ्यांचे नकाशे तपासते. साहेबांना तिनं सांगितलं की वडील म्हातारे आहेत, थंडीत गोंधळले, मी त्यांच्यावर विसंबले ही माझी चूक. आणि आईला फोन केला, "बाबांकडं लक्ष दे. त्यांना विसरायला होतंय."

तेव्हापासून घरात मी विसराळू. स्विचबोर्डावर कागद चिकटवलेत : 'गीझर बंद केला का?' 'मोटार बंद केली का?' गीझर नेहमी बायको चालू ठेवते, ते सोडा. मला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी विचारलं, आजोबा, आज वार कोणता? कागदावर घड्याळ काढून दाखवा. शंभरातून सात वजा करत या. मी सात-सात वजा करत शेवटपर्यंत गेलो, तर डॉक्टर बायकोला म्हणाले, "आत्ता ठीक आहेत, पण लक्ष ठेवा." जेवताना कुणी मोठ्यानं विचारतं, "भाजी कशाची आहे, सांगा बघू!" वांग्याची आहे हो. दिसतंय मला.

हे सगळं मी चालवून घेतलं. विसरणाऱ्या म्हाताऱ्याची लोक कीव करतात. खोटं बोलणाऱ्याची करत नाहीत.

आणि गावात वेगळंच. फोटो मंडळाच्या ग्रुपवर मीच टाकला होता, बोटीतून उतरल्या उतरल्या, सवयीनं. तो पुसायच्या आत शहरभर झाला. मंडळाच्या अध्यक्षांचं नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. त्यांनी तो मोठा करून गल्ल्याच्या मागं लावलाय. गेल्या महिन्यात निरोप आला, वर्धापनदिनी माझा सत्कार आहे. मी तडक दुकानात गेलो.

"तो फोटो काढा आणि सत्कारही रद्द करा. ती जागा मी साफ केली नाही, नासवली. पोरीचं तिथलं काम गेलं माझ्यामुळं."

ते एका गिऱ्हाइकाला टॉवेल दाखवत होते. "काका, तुमी लई मनाला लावून घेताय. स्वच्छता कुटं वाईट असती का?"

"तिथं असते!"

"गोऱ्यांना पटलं नसंल. त्यांची चूक उघडी पडली की."

"अहो, चूक माझी होती. हात लावू नको म्हणून सांगितलं होतं मला."

"बघा, नम्रपणा म्हंतात तो ह्यो," अध्यक्ष गिऱ्हाइकाला म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, मी पोरीला जागा खोट्या सांगितल्या, माझ्या मनानं. तेव्हा त्यांनी टॉवेल खाली ठेवला, माझा हात हातात घेतला आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "काका, काकू बोलल्यात आमाला. विसरायला व्हतंय न्हवं? वय झालं की व्हतं तसं. तुमी फक्त स्टेजवर बसा."

मी दुकानाच्या पायऱ्या उतरलो आणि तिथंच उभा राहून मुलीला फोन लावला. रिक्षांचे भोंगे, साड्यांच्या सेलची ओरड, कोणीतरी मागून ढकलतंय.

"बाबा, किती गोंगाट आहे! घरी जाऊन करा."

"नाही. आत्ताच सांगतो. मी विसरलो नव्हतो. त्या डब्यांच्या जागा मी बनवून सांगितल्या."

मी फोन कानाला दाबून धरला. मला वाटलं कट झाला.

"सगळ्या?"

"तीन सोडून."

"तुम्ही डॉक्टरकडं गेलात. आईनं घरभर कागद लावले. तुम्ही लावू दिलेत?"

"हो."

मग मात्र खरंच कट झाला. बरेच दिवस फोन नाही. बायको विचारायची, तुमचं काही बिनसलंय का तिच्याशी? मी तिलाही सांगितलं. तिनं स्विचबोर्डावरचे कागद तेवढे काढले आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

गेल्या रविवारी मुलीचा फोन आला, चित्र दिसतं तसला. तिनं 'कसे आहात' विचारलं नाही. तो नकाशा समोर धरला.

"हा दगडापाशीचा?"

"माहीत नाही."

"पिंपाच्या मागचे दोन?"

"माहीत नाही."

"उतारावरचा? आडवा पडला होता म्हणालात. आडवा! एवढं कुठून सुचलं तुम्हाला?"

"सुचलं."

ती एकेक खूण खोडत गेली. तिला संताप येत होता. दर खोडण्याला ती नाकानं मोठा श्वास सोडायची, लहानपणी गणित चुकलं की सोडायची तसा. मध्येच मला एक जागा आठवल्यासारखी वाटली आणि मी सांगायला तोंड उघडलं.

"आठवतंय की आठवल्यासारखं वाटतंय?" ती म्हणाली.

"वाटतंय."

"मग नको."

शेवटी तीन खुणा राहिल्या. दारालगतचा डावीकडचा डबा, तोंड खाली. उंबऱ्यातला बुटाचा तळ. आणि चुलीचं दार. बाकी कागदावर नुसता पांढरा भाग. ती म्हणाली, हे साहेबांना पाठवते, सोबत कारण लिहून. परत नेतील की आणखी चिडतील, सांगता येत नाही.

"कारण काय लिहितेस?"

"तुम्हीच सांगा."

"वय लिहू नको. थंडीही लिहू नको. आठवत नसताना सांगितलं, असं लिही."

तिनं ते नॉर्वेजियनमध्ये टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं. मला एक अक्षर कळलं नाही. मी तिला ते पुन्हा मराठीत सांगायला लावलं, आणि तिनं सांगितलं.