कोरा रकाना

तमाम मराठी माणसांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीस, बहरीनमधल्या हूरा भागात, भर सकाळी, एका पुणेरी डॉक्टरांच्या नाकाचं हाड मोडलं. हत्यार: इनॅमलचा ट्रे. आरोपी: अस्मादिक, वय अठरा. पश्चात्ताप: मफी. म्हणजे नाही. अजूनही नाही.

आता नाकाआधीचं सांगते.

डॉक्टर माझा अर्ज दोन बोटांत धरून उभे होते. मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा. समोर बाकावर सात-आठ मजूर. कुणाचं बोट ठेचलेलं, कुणाचा डोळा सुजलेला. त्यांना कळावं म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम हिंदीत जाहीर केलं, की मॅडम परदेशात डॉक्टरी शिकायला निघाल्यात. अख्खा बाक हसला. हसणं भाग होतं. औषध डॉक्टरांच्या हातात होतं.

अर्जात एक रकाना होता. पगारी कामाचा अनुभव. तेवढा कोरा. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र हवं होतं, चार ओळींचं. शाळेतल्या बाईंनी खटपट करून मागवलेला अर्ज. त्याच दिवशी टपालात पडला नाही तर वर्ष गेलं.

दोन वर्षं मी तिथं राबले होते. शाळा सुटली की संध्याकाळपर्यंत, सुट्टीत दिवसभर. आधी फरशी. मग सुया उकळणं. मग ओरडणाऱ्या माणसाचे खांदे दाबून धरणं. एकदा डॉक्टरांनी घातलेला टाका सुटला आणि ते फोनवर होते म्हणून मी तो पुन्हा घातला. त्यांनी निरखून पाहिलं. तेव्हापासून मजुरांचे टाके माझे, साहेबलोकांचे त्यांचे.

हात माझा असला तरी विद्या बापाची. आम्ही रत्नागिरीकडचे चांभार. बाप मीना सलमान बंदरावरच्या एका वर्कशॉपात गाड्यांच्या सीटा शिवायचा. त्यानं शिकवलं होतं, दोरा फार ओढला की कड फाटते, सैल सोडला की तोंड उघडतं. माणसालाही तोच नियम लागतो.

आणि पगार? माझ्या पासपोर्टवर शिक्का होता. बापाच्या व्हिसावर आलेली, पगारी कामाला मनाई. तो शिक्का डॉक्टरांनीच मला वाचून दाखवला होता. म्हणाले, पगार दिला तर तुझ्या बापालाच परत पाठवतील, तू आपली शीक. चहा मात्र मिळायचा. कान तुटलेल्या कपात. तो कप बेसिनखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी. विमानात वीस किलोच सामान आणता येतं, पण जातीचं वजन करत नाहीत. ती त्यांनी अख्खी आणली होती.

मी त्याच कपातून चहा प्यायले. पत्र हवं होतं ना.

त्या सकाळी टेबलावर गंगाराम होता. मालवणकडचा वेल्डर. पत्र्यानं त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला होता. डॉक्टरांनी कागदावर नेहमीचं लिहिलं, बाथरूममध्ये पाय घसरला. त्याच्या कंपनीला तसंच आवडायचं. त्या कंपनीतले सगळे अपघात बाथरूममध्येच व्हायचे. मी तिसरा टाका घालत होते. बोटं रक्तानं चिकट झालेली. तशीच, मान वर न करता म्हटलं, डॉक्टरसाहेब, चार ओळी लिहून द्या, टपाल जायचंय.

ते आता मराठीत बोलले. फक्त मला लागावं म्हणून. गंगारामलाही मराठी कळतं, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"पगार नाही म्हणजे नोकरी नाही. नोकरी नाही तर अनुभव कसला? तुम्ही लोकांनी चामडं शिवावं. माणसं आमच्यावर सोडा."

आणि अर्ज त्यांनी बादलीत टाकला. रक्ताचे बोळे टाकायची बादली.

मी सुई तशीच लोंबती सोडली. वाकले. अर्ज उचलला. सरळ होते न होते तोच कानाखाली बसली. कानात शिट्टी वाजायला लागली. ओठ दातात सापडून फुटला. त्यांचा हात दुसऱ्यांदा वर गेला.

तो खाली आला नाही. ट्रेची कड नाकाच्या मधोमध बसली होती. काटकी मोडावी तसा आवाज. खोटं कशाला बोलू, फार गोड आवाज होता. ते भिंतीला घसटत खाली बसले. दोन वर्षांत त्यांच्या पांढऱ्या कोटावर पहिल्यांदा रक्त पडलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण शेवटचा शब्द माझा नाही.

पोलीस आले नाहीत. तक्रार करायची तर दवाखान्यात टाके कोण घालत होतं, हे आधी सांगावं लागलं असतं. नाकाबद्दल डॉक्टर सगळ्यांना सांगत फिरले, बाथरूममध्ये पाय घसरला. अर्ज मी डागासकट धाडला. रकान्यात लिहिलं: पगार नाही. दोन वर्षं माणसं शिवली. सही माझी. कॉलेजानं नकार दिला. दुसऱ्या वर्षी दुसरं कॉलेज, तीच ओळ, तोच नकार. तिसऱ्या वर्षी पुन्हा तीच ओळ. ती खोडायची नाही. कुणा साहेबाच्या सहीसाठी त्याच्या दारात उभं राहायचं नाही. आणि अंगावर उठलेला हात मोकळा परत जाऊ द्यायचा नाही. हे मी घरी जाऊन, विचार करून ठरवलं नाही. तिथंच ठरवलं, ट्रे हातात असताना.

कारण ट्रे मी पुन्हा उचलला होता. डॉक्टर खाली, दोन्ही हात तोंडावर. बाकावर कुणी हलेना. खिडकीतल्या एसीचं पाणी तेवढं डब्यात ठिबकत होतं. गंगाराम टेबलावर उठून बसला. त्यानं आपल्या हाताला लोंबणारी सुई पाहिली, डॉक्टरांना पाहिलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला,

"गो बाय, आधी माजो टाको पुरो कर, मगे मार तेका."