परत आलेले फोटो

धाकट्या बहिणीच्या, सोनलच्या लग्नाचे सगळे फोटो मी एका क्लिकमध्ये पुसले. लॅपटॉप हळू चालतो म्हणून साफसफाई करत होतो! (किन्हवलीत आमच्या आळीत कम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच. असं मीच सांगत असतो.) फोटोग्राफरनं त्याचं कार्ड कधीच रिकामं केलेलं. दुसरी कॉपी कुठेच नव्हती. आणि सोनल संध्याकाळी सासूबाईंना घेऊन मुरबाडहून अल्बमचे फोटो निवडायला येणार होती.

"सासूसमोर पोरीची काय शोभा होईल रे!" आईनं डोळ्याला पदर लावला.

"आई, पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर असतं. अर्ध्या तासाचं काम!"

दोन तासांत चार टक्के झाले. पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला, माउस जागचा हलेना. बघतो तर मेमरी गच्च भरलेली! सापडेल तो फोटो लगेच पडद्यावर मोठा दिसावा, ही सोय मी हौसेनं चालू ठेवली होती.

"मग ते दाखवणं बंद कर ना," बाबा म्हणाले. बाबांनी जन्मात माउस धरलेला नाय.

"बाबा, तुमाला यातलं काय कळतंय?"

"नको बंद करू," आई म्हणाली. "माझ्या पोरीचं तोंड तरी दिसू दे."

एवढ्यात सोनल आणि सासूबाई दारात! चहा आला, सगळे लॅपटॉपसमोर बसले. हळदीचा पहिला फोटो उमटला. "आला गो, आला!" आईनं टाळी वाजवली.

पुढचा फोटो उमटला. हा लग्नाचा नव्हता, मीच मागे गुपचूप पुसलेला! धबधब्याखाली मी, बनियनवर, हातात भजी. खाली तारीख छापलेली.

बाबांनी चष्मा लावला. "या दिवशी तर आपली भातलावणी होती. तुला ऑफिसात ऑडिट होतं ना रे?"

"दादा! मी अंगात ताप घेऊन चिखलात उभी होते त्या दिवशी!" सोनल उसळली.

"ऑडिट चांगलंच ओलं झालेलं दिसतंय," सासूबाई चहा फुंकत म्हणाल्या.

मी पडद्यावरची फोटोची खिडकी बंद करायला झेपावलो. लॅपटॉप हँग! पंधरा मिनिटं मी पडद्यावर भजी खात होतो आणि घरचे मला बघत होते.

शेवटी सगळं पुन्हा चालू केलं, बाबांचं ऐकून फोटो दाखवणं बंद ठेवलं. तासाभरात अख्खं लग्न परत आलं.

यंदाच्या लावणीला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत चिखलात मीच होतो. सोनल मुद्दाम मुरबाडहून आली, बांधावर उभं राहून तिनं माझे फोटो काढले, आणि ते चार ठिकाणी कॉपी करून ठेवलेत!