काकीची करवंदाची चटणी

काकी कलेजी शिजवायची, पण तिच्या ताटात ती मी कधी पाहिली नाही. "मला चटणीच आवडते," म्हणायची. लोधिवलीच्या आमच्या घरात सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.

रविवारी काका मटण आणायचे, कलेजी वेगळी बांधून. तव्यावर परतलेली कलेजी आधी पुरुषांना, मग मुलांना, ही घरची रीत. सोबत काकीची चटणी. उन्हाळ्यात करवंदांची, थंडीत ओल्या लसणीच्या पातीची, एरवी चिंचेच्या कोळात लसूण ठेचून. "कलेजीला आंबट लागतं गं, नायतर घशात बसते," ती पाट्यावर वाकून सांगायची.

"हिची चटणी असली की मी चप्पलपण खाईन," काका म्हणायचे.

"खावा की. कलेजी तरी उरंल."

सगळे हसायचे.

मी शाळेत इंग्रजी बोलायचे आणि घरी गप्प असायचे. त्यामुळे बघणं व्हायचं. सगळ्यांची जेवणं झाली की काकी तव्याला चिकटलेलं खरवडून भाकरीत घ्यायची आणि डोळे मिटून चावत राहायची.

गेल्या हिवाळ्यात तिच्याने वरवंटा ओढवेना. ओठ पांढरे पडले. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही, गोळ्या घ्या, कलेजी खा. काकांनी न चुकता कलेजी आणली. काकीने ती रीतीप्रमाणे वाढली आणि स्वतः चटणी-भाकरी खाल्ली.

"काकी, ती तुझ्यासाठी आणलीय."

"मला गोळ्या हायत ना. तू खा, अभ्यास हाय तुला."

करवंदं पिकायच्या आधीच तिला दवाखान्यात ठेवलं. मी स्वतः कलेजी परतून डबा नेला.

"घरच्यांची जेवणं झाली?" तिने आधी विचारलं.

"झाली."

मग एक तुकडा तोंडात घेतला. बराच वेळ चावला, पण गिळवला नाही. "चटणी आण गं पुढल्या वेळंला," म्हणाली. पुढली वेळ आली नाही.

तेराव्यानंतर घरात तिखटाचं, म्हणजे मटणाचं जेवण ठेवलं. आधी तिच्या नावाचं पान अंगणात मांडलं. भात, भाकरी आणि वर करवंदाची चटणी.

"तिला चटणीच आवडायची," काका म्हणाले. ते रडत होते.

मी चुलीवरचा तवा उतरवून अंगणात नेला.

"अगं, पुरुष जेवायचेत अजून," मागून आत्या म्हणाली.

"आधी काकी जेवेल."

एवढं मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. कलेजी पानावर वाढली. तव्याला चिकटलेलीसुद्धा खरवडून वाढली.