भोपळ्यातलं बिऱ्हाड

आमचे आप्पा मिरजेत तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळे कोरायचे. माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा झाली, त्या उन्हाळ्यात त्या कारखान्यात भाताचा वास यायला लागला. साधा नव्हे, आंबेमोहोराचा, आत्ताच झाकण काढल्यासारखा. तिथं ना चूल ना शेगडी. सकाळी कुलूप काढलं की वास समोर उभा. चौघे कारागीर एकमेकांच्या डब्यांवर संशय घ्यायला लागले.

"चोरून कोण शिजवून खातंय रं हितं?"

"ह्येलाच इचार. बायकूनं घरातनं काडलाय वाटतं."

"माज्या घरात रेशनचा तांदूळ हाय गड्या. आंबेमोहोर खाणारं तोंड हाय व्हय माजं?"

मी दुपारी आप्पांचा डबा घेऊन जायची तेव्हा ही भांडणं ऐकायची आणि हसायची. आप्पा मात्र त्या दिवसांत हसण्यावारी काही नेत नव्हते. वीस वर्षं त्यांनी भोपळे भिजवले, कापले, आतला गर खरवडला, वरून घासून गुळगुळीत केले. अख्खा तंबोरा कधी त्यांच्या हातात आला नव्हता. कवठे महांकाळकडच्या कोरडवाहू रानातून आलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ, असं ते म्हणायचे. आणि त्या वर्षी मालक म्हणाले होते, "साताऱ्याच्या गाण्याच्या बाईंची जोडी तू कर. जवारीसकट." जवारी म्हणजे तारांखालच्या घोडीवर कानस चालवून त्यांचा सूर उघडायचा, हे मालकांचं स्वतःचं काम. बाईंना गुरुपौर्णिमेला जोडी हवी होती. आप्पांनी एकाच मापाचे दोन भोपळे निवडले, तोंडं कापली, आखडू नयेत म्हणून आत कामट्यांचे टेकू दिले आणि माळ्यावर गवतावर वाळत ठेवले. धूळ जाऊ नये म्हणून तोंडं भिंतीकडे. एक आधी वाळला, तो खाली आणून त्यांनी कामाला घेतला. दुसरा वरच होता.

भोपळा वाळला की नाही, हे तिथं कोणी डोळ्यांनी बघत नाही. टिचकी मारून ऐकतात. मी डबा घेऊन उभी असतानाच मालक शिडीवर चढले आणि हात लांब करून त्यांनी टिचकी मारली. भोपळा बोलला नाही. भरल्या घागरीसारखा ठोंब आवाज. त्यांनी पुन्हा मारली, तर आतून कुणीतरी गुरगुरलं. मालक जितक्या वेगानं खाली आले, तितक्या वेगानं मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

आप्पांनी काठीला मोबाइल बांधला आणि माळ्यावर सरकवून फोटो काढला. काळपट अंग, डोळ्यांपाशी पांढुरके ठिपके, आणि पोटाशी तीन पिल्लं, डोळे मिटलेली.

"काळमांजर हाय. थडगी उकरतंय ह्ये."

"सर्पमित्राला फोन लावू का?"

"त्यो काय करंल? साप हाय व्हय ह्यो? धूर करा, जातंय."

मी म्हणाले, हे उदमांजर आहे, थडगी बिडगी उकरत नाही, फळं आणि उंदीर खातं. कारखान्यामागच्या चिकूवर तेच येत असणार. भाताचा वास याच्याच अंगाचा. आईला हुसकलं तर पिल्लं मरतील. हे सगळं मला खरोखर माहीत होतं आणि ते सांगताना मला बरं वाटत होतं, हेही खरं. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा अभिमान मला तेव्हाही होता, आजही आहे.

आप्पांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कवा जातील?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "पंधरा दिवसांत."

"नक्की?"

"नक्की."

आप्पा मालकांकडे गेले. "पंदरा दिस ऱ्हाऊ द्या, मालक." मालकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माळ्याकडे. "बरं," म्हणाले. त्यांनी माळ्याखालचं काम ओसरीत हलवलं. कारागीर कुरकुरले, पण हलले. धुराचं नाव काढणाराच दुसऱ्या दिवशी अर्धी पपई घेऊन आला आणि शिडीवर ठेवून गेला.

तीन दिवसांनी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक सापडलं. पिल्लं सुटी व्हायला दोन महिने तरी लागतात. दोन महिन्यांनी गुरुपौर्णिमा उलटून गेलेली, आणि त्या मापाचा दुसरा वाळलेला भोपळा कारखान्यात नव्हता. मालकांकडे दुसऱ्या कारागिरानं केलेली एक जोडी तयार होती. आप्पांची झाली नाही तर तीच साताऱ्याला जाणार आणि आप्पा परत खरवडण्यावर, हे उघड होतं. मी आणखी दोन दिवस गप्प राहिले. मग जेवताना सांगून टाकलं. आप्पांनी भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले तेव्हा ते मालकांना सांगत होते, "माजा अंदाज चुकला, मालक. आनि दीड म्हैना तरी जाईल." मी दारातच उभी राहिले. 'माजा' म्हणाले ते. मला तिथं तोंड उघडायचा धीर झाला नाही.

बाई ठरल्या दिवशी साताऱ्याहून आल्या. पन्नाशीच्या, कडक वाटाव्यात अशा. मालकांनी तयार जोडी पुढं काढली आणि आप्पांचा पूर्ण झालेला एक तंबोराही बाजूला ठेवला. खरं काय ते सांगितलं. बाईंनी मोबाइलवरचा फोटो बराच वेळ बघितला. मग आप्पांचा तंबोरा मांडीवर घेतला आणि डोळे मिटून छेडत बसल्या. मी आप्पांकडे बघत होते. ते जमिनीकडे बघत होते, हातातलं फडकं पिळत.

"जवारी कुणी काढली?" बाईंनी विचारलं.

"मीच," आप्पा म्हणाले.

"मग हा एकच द्या आत्ता. जोडीला घरचा जुना आहे. दुसरा तुम्ही सावकाश करा." आणि उठता उठता म्हणाल्या, "पण त्या बाळंतिणीच्या घरातला नको हं. माझ्या विद्यार्थिनींना भूक लागेल."

मालकच आधी हसले. आप्पांना हसू यायला वेळ लागला.

श्रावणात एका सकाळी भोपळा रिकामा होता. आप्पांनी टिचकी मारली, कान लावला, आतली ओल चाचपली आणि म्हणाले, "ह्यो काय बोलत न्हाई आता." त्यांनी नवा भोपळा निवडला, वाळू दिला, आणि दिवाळीच्या तोंडावर दुसरा तंबोरा साताऱ्याला गेला. त्यानंतर आप्पांच्या हातात खरवडणी कधी आली नाही.

तो तंबोरा गेला त्या दिवशी मी मालकांना गाठलं. "मालक, ते पंधरा दिवस मी सांगितले होते. अंदाज आप्पांचा नव्हता."

"ठाऊक हाय," मालक म्हणाले. "तुज्या बापाला भोपळा कवा वाळंल इचारलं, तर वाळल्यावर म्हणतो. त्यो कशाला पंदरा दिस सांगतोय?"

"मग तुम्ही थांबलात कसे?"

"पोरी, वीस वर्सांत त्येनं माज्याकडं काय मागितलं न्हवतं. पैल्यांदा मागितलं, त्ये बी उदमांजरासाठी. न्हाई कसं म्हणू?"

आप्पा मागं नळावर हात धूत होते. मी त्यांना सांगितलं, मालकांना पहिल्यापासून कळलं होतं. त्यांनी हात झटकले, माझ्या ओढणीला पुसले.

"मालक थांबलं न्हवं? मग झालं," म्हणाले, आणि आत कामाला गेले.