शेवटून पहिले

‘थांबा बाई, आधी चुकून बघू की.’

मी स्टाफरूममध्ये कुठलंही नवं ॲप किंवा नवी वेबसाइट दाखवायला घेतली, की आमचे गणिताचे सर एवढंच म्हणायचे. चष्मा कपाळावर सरकवायचे, करंगळी पुढे करायचे आणि पडद्यावरचं सगळ्यात चुकीचं उत्तर शोधून तेच दाबायचे. मग मान तिरकी करून, आता हे काय करतंय ते बघत बसायचे. बाकीचे शिक्षक तोवर डबे उघडायचे, कारण सरांचं चुकून संपायला वेळ लागायचा.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. प्रसादाचा पेढा हातात पडला तरी आधी वास घेऊन बघणारा. आमचे सर त्यातले होते. फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर तर त्यांचा विशेष राग. मी एकदा गणिताच्या छापून घ्यायच्या सरावपत्रिकांची लिंक ग्रुपवर टाकली, तर मधल्या सुट्टीत जिन्यात गाठून विचारलं, ‘बाई, हे सगळं फुकट देतंय म्हणता. मग ह्याचं पोट कशावर चालतंय?’ तेव्हापासून ती लिंक उघडताना माझ्याही मनात तोच किडा वळवळतो.

आता माझं थोडं. मी शाळेची तंत्रस्नेही शिक्षिका. शिकवायचं विज्ञान, आणि वर टॅब चार्ज करायचे, डिजिटल फळ्याची वायर हुडकायची, शिक्षकांच्या उपयोगाचं इंटरनेटवर जे काही असेल ते शोधून सगळ्यांना पुरवायचं. शाळा कोल्हापुरात, राजारामपुरीत. समोर तीन मजले नुसत्या क्लासच्या पाट्या. त्यांच्याकडे जाणारी मुलं आपल्याकडे टिकवायची तर काहीतरी नवं दाखवावं लागतं, म्हणून माझी ही धडपड. स्वभाव म्हणाल तर मीही संशयीच. दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानात वाचते आणि घरी येऊन परत वाचते. त्यामुळे दुसरा कोणी संशयी माणूस भेटला, की मला पहिला संशय त्याचाच येतो.

सरांचे सगळेच संशय खरे होते असं समजू नका. ज्वालामुखीचा एक सुंदर व्हिडिओ त्यांनी दोन ऑफ तास घालवून शेवटपर्यंत पाहिला, कारण ‘शेवटाला काय दाखवतील सांगता येत न्हाय’. शेवटी आभार निघाले. शाळेत टॅब आले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावले, आणि पुढे फोटो काढायची वेळ आली तेव्हा ते नखाने खरवडत मला बसावं लागलं. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पण त्यांची ती चुकून बघायची तऱ्हा मात्र वेगळी होती. एका पाढ्यांच्या खेळात उत्तर चुकलं की गाढव ओरडायचं. सरांनी ते तीनदा ओरडवलं.

‘हे गाढव कुणाला म्हणतंय, बाई?’

‘सर, गंमत आहे. मुलांना आवडते.’

‘बरोबर आलेल्या पोरास्नी आवडत आसंल.’

दुसऱ्या एका साध्याच दिसणाऱ्या वेबसाइटवर बेरीज चुकली की काहीच वाजायचं नाही. पडद्यावर काड्या यायच्या, दहा सुट्या काड्यांची जुडी बांधली जायची आणि हातचा एक कुठून आला ते दिसायचं. सर तिथे चुकतच राहिले. घंटा झाली तरी उठेनात. शेवटी चष्मा नाकावर घेऊन म्हणाले, ‘ह्याला मास्तर म्हणायचं. हुशार पोरासंगं कोणबी गोड बोलतंय. चुकलेल्यासंगं कसं बोलतंय, ते बघायचं.’

मला ते पटलं, पण तसं मी त्यांना म्हटलं नाही.

खरी कुरबूर झाली ती माझ्या शुक्रवारच्या प्रश्नमंजूषेवरून. ती माझी लाडकी. फळ्यावर एक कोड यायचा, मुलं तो टॅबवर टाकून आपलं नाव लिहायची, आणि प्रश्न आला की चार रंगांच्या चौकोनांतला एक दाबायचा. टॅब पुरत नसल्यामुळे आधी अर्धा वर्ग खेळायचा, मग उरलेला. शेवटी ढोल वाजल्यासारखं संगीत व्हायचं आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांची नावं फळ्यावर झळकायची. पाचवीची पोरं शुक्रवारची वाट बघायची. मुख्याध्यापिकाबाई पाहुण्यांना मुद्दाम त्या तासाला घेऊन यायच्या.

सरांनी तीही चुकून पाहिली. ‘हे बोलत काय न्हाय,’ म्हणाले, ‘पर नाव खाली टाकतंय. ती यादी बंद करा की.’

‘सर, ती बंद करायची सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे.’

‘म्हंजे पोराची अब्रू झाकायला पैसे?’

मी म्हटलं, आयुष्यात हारही सोसायला शिकलं पाहिजे. हे वाक्य मी कुठल्यातरी प्रशिक्षणात ऐकलं होतं. सरांनी चष्मा नाकावर घेतला आणि वह्या पुढे ओढल्या. आणि ते असा वाद सोडून वह्यांकडे वळले की माझा संशय वाढायचा.

त्याच वर्षी पाचवीत वैष्णवी आली. शाहूवाडीकडच्या एका वाडीवरची. गावातली शाळा चौथीपर्यंतच, म्हणून शिकायला इथे आत्याकडे राहिलेली. अक्षर मोत्यासारखं, पण हात सावकाश. प्रश्न वाचून, विचार करून ती चौकोनाला बोट लावायची तोवर वेळ संपलेली असायची. पहिल्या शुक्रवारी ती शेवटची आली. दुसऱ्या शुक्रवारीही. तिसऱ्या शुक्रवारपासून तिच्या पोटात दुखायला लागलं.

दर शुक्रवारी पोटात दुखतं म्हणजे पोरगी थापा मारते, हे कळायला माझ्यासारखी संशयी बाई कशाला हवी? मी आत्याला बोलावून घेतलं. आत्या घरोघर दूध घालून तशीच आली होती. ‘खोटं बोलत्या म्हणा की हो,’ ती म्हणाली, ‘पर पायऱ्यावर बसून रडत्या ते तर खोटं न्हाय. माझा भाऊ म्हणाला, मन लागत नसंल तर आणून सोड. शेतात हाताखाली तरी यील. येत्या महिन्यात न्हेऊन सोडायची हाय तिला.’

कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले सर उठले. ‘आक्का,’ म्हणाले, ‘एक शुक्रवार पाठवा. एकच. त्यानंतर न्यायची तर न्या.’

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे बघितलं. शुक्रवारचा तास माझा आणि शब्द देणारे हे कोण, असं मला वाटलं. पण वैष्णवी आली.

त्या शुक्रवारी कोड फळ्यावर आला आणि सर स्वतःची खुर्ची घेऊन वर्गात शिरले. ‘मीबी खेळणार,’ म्हणाले आणि आपल्या मोबाइलवर कोड टाकला. फळ्यावर मुलांच्या नावांमध्ये ‘सर’ असं नाव उमटलं. पोरं चेकाळली. सरांना हरवायचं म्हटल्यावर कोण सोडतो? खेळ संपला, ढोल वाजले, आणि यादीत सगळ्यात खाली नाव होतं ते सरांचं. त्यांच्या वर वैष्णवी.

‘सर शेवटून पहिले!’ कोणीतरी ओरडलं आणि वर्ग हसून लोळायला लागला. सर कपाळाला हात लावून म्हणाले, ‘काय अवघड काढत्यात ह्या बाई!’ वैष्णवी तोंडावर हात धरून हसत होती. तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी पोट दुखलं नाही. त्यानंतरच्याही नाही. आत्याने गावाला नेण्याचं नाव काढलं नाही. आणि सर दर शुक्रवारी दोन्ही खेळांना खुर्ची घेऊन हजर, दोन्ही खेळांत शेवटचे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं उघड दिसत असताना या बाईला काय कळत नव्हतं? सांगते. मला वाटायचं, सर माझ्या खेळाची टर उडवताहेत. पोरांसमोर हसं करून तो बंद पाडायचा त्यांचा डाव आहे. विचारलं तर साळसूदपणे म्हणायचे, ‘वय झालं बाई, आठवत न्हाय.’ निवृत्तीला वर्षही उरलेलं नसलेल्या माणसावर तसा आरोप कसा करायचा? मला पुरावा हवा होता. म्हणून मी सापळा लावला.

शेवटचा प्रश्न मी असा काढला, की कोल्हापूरच्या माणसाला तो चुकणं शक्यच नाही. ‘तांबडा-पांढरा रस्सा कुठला?’ पर्याय चार: कोल्हापूर, नाशिक, नागपूर, पुणे. माझी खात्री होती, इथे तरी सरांचं बोट योग्य जागी पडणार. गणितात चुकतील, विज्ञानात चुकतील, पण रश्श्यात? ज्या माणसाने पूर्वी बदलीच्या गावी तिथल्या रश्श्याला नावं ठेवून पहिलंच ताट परत केलं होतं, तो?

प्रश्न आला. पोरांनी धडाधड कोल्हापूर दाबलं. मी फक्त सरांकडे बघत होते. करंगळी वर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर पाहिलं. वेळ संपत आली. मग त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं.

फळ्यावर आलं: पुणे, एक उत्तर.

वर्गात जो गदारोळ उठला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला असणार. ‘सर! रस्सा पुण्याचा?’ एक पोरगा तर रडकुंडीला आला. सर खाली मान घालून म्हणाले, ‘आसूदे की. एक दिवस घेऊदे पुण्याच्यास्नी.’ पण आवाज पडला होता. खरंच लागलं होतं त्यांना.

मी जिन्यात गाठलं. ‘सर, तुम्ही मुद्दाम चुकताय.’

‘व्हय.’

इतक्या सरळ कबुलीची माझी तयारी नव्हती. ‘का पण? माझा खेळ बंद पाडायला?’

ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘बंद कशाला पाडू? चांगला हाय की. पोरं पळत येत्यात वर्गात. पर यादी म्हटली की तळाला कोणतरी येणारच. मशीनला त्याचं काय हाय? कुणाचंबी टाकंल. मग माझं टाकूदे की.’

‘पण हार सोसायला…’

‘हरूदेत की. वैष्णवी हरतीच की दर खेपंला. हरून बी येती.’ मग पायरी उतरता उतरता थांबून म्हणाले, ‘बाई, तुमचा कधी शेवटचा नंबर आलाय?’

‘नाही.’

‘मग ऱ्हाऊदे.’

त्यांचा आला होता का, हे मी विचारलं नाही. संशय आहे. पण काही संशय तसेच ठेवलेले बरे.

वर्षभर वैष्णवी शेवटून दुसरी-तिसरी यायची. चमत्कार वगैरे काही झाला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मात्र तिचं बोट थोडं लवकर चालायला लागलं आणि नाव यादीच्या मध्यावर दिसू लागलं. मे महिन्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभात मी भाषण केलं, त्यात रश्श्याचा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं, आणि खाली बसल्यावर मला काही केल्या मान वर करवेना. सर राधानगरीकडे त्यांच्या गावी गेले. फोन लागायला तिथे माळावर चढावं लागतं म्हणतात.

जूनमध्ये तीच मुलं सहावीत आली. एक नवी मुलगीही आली, बुजरी, कोणाशी न बोलणारी. पहिल्या शुक्रवारी फळा लावताना मी दोनदा दाराकडे पाहिलं, खोटं कशाला सांगू? सरांची खुर्ची नव्हती. मी स्वतः मोबाइल काढून खेळायचं ठरवून आले होते, पण फळा चालवायचा, प्रश्न वाचायचे, यात तो पर्समध्येच राहिला. खेळ संपला. ढोल वाजले. नव्या मुलीचं नाव शोधायला मी थेट तळाशी पाहिलं.

तिचं नाव शेवटून दुसरं होतं. त्याच्या खाली लिहिलं होतं, ‘सर’.

क्षणभर मला वाटलं, सर माळावर चढून फोनवरून खेळात आले की काय. पण कोड फक्त या खोलीतल्या फळ्यावर होता. समोर बसलेल्या कोणीतरी आपलं नाव न लिहिता ते नाव लिहिलं होतं, आणि मग एकेक प्रश्न चुकत गेलं होतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून आवाज आला, ‘सर शेवटून पहिले!’ आणि सगळे हसले. नवी मुलगीही हसली, तोंडावर हात धरून.

वैष्णवी पुढच्याच बाकावर होती. टॅब उपडा ठेवून दप्तराचा पट्टा सरळ करत होती. तिचं नाव यादीत आहे की नाही, हे बघायला मला डोळे थोडे वर उचलायचे होते, एवढंच. माझा स्वभाव तर तुम्हाला आता ठाऊक आहे.

मी वर न बघताच फळ्यावरून यादी घालवली आणि दुसऱ्या गटाला टॅब द्यायला सांगितले. या वेळी पर्समधून मोबाइल बाहेर काढला, कोड टाकला, आणि पहिला प्रश्न आल्यावर सगळ्यात चुकीचं उत्तर शोधू लागले.