धडा बोंडअळीच्या अर्जाचा

१० डिसेंबर. सकाळी हुडहुडी, अकरानंतर कडक ऊन, आभाळ स्वच्छ.

हवामानाला एक ओळ आणि कामाला तीन, असा माझ्या डायरीचा नेम. गेल्या महिन्यात तो मोडला. किस्सेच इतके झाले, की समासातही जागा उरली नाही!

पुसदच्या आमच्या खोलीत आम्ही तिघं. देवतळे सर, रिटायर्ड शिक्षक, आमचे मुख्य. वनिता राठोड, जवळच्या तांड्यावरची, धड्यांना आवाज देणारी. आणि मी, पुस्तकं चाळत कॉम्प्युटर शिकलेला. यंदा बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि नुकसानीचा अर्ज ऑनलाइन भरायचा हुकूम निघाला. गावोगावच्या सेवाकेंद्रांतल्या ऑपरेटरांना तो मुदतीच्या आत शिकवायचं काम आमच्याकडे आलं. अर्ज राहिला, की शेतकरी यादीतून बाहेर!

आमचं सॉफ्टवेअर मात्र झकास. स्क्रीनवर आपण जे करू ते रेकॉर्ड होतं. प्रत्येक क्लिकची आपोआप एक पायरी बनते. शिकणाऱ्यानं नेमकं तिथंच क्लिक केलं, तरच धडा पुढं सरकतो.

पहिला नमुना सर तपासायला बसले. स्क्रीनवर रेकॉर्ड झालेला बाण आपला आपण फिरायला लागला. सरांनी माउस हलवला, आपटला, वायर ओढून पाहिली.

"अरे, बंद करा! कोणीतरी तिकडून चालवून राह्यलं!"

तो बाण सरांनीच आदल्या दिवशी फिरवलेला होता!

मग खरा धडा रेकॉर्ड करायलाही सरच बसले. मधेच वेबसाइट अडकली. वेळ जाईना, म्हणून सरांनी पत्त्यांचा डाव उघडला. रेकॉर्डिंग चालूच! धडा तसाच सगळीकडे गेला. दुसऱ्या दिवशी उमरखेडहून एका ऑपरेटरचा फोन.

"सर, गट नंबर टाकला, पीक टाकलं. आता पत्ते आले. लाल राणीवर काळा गुलाम ठेवू का?"

सरांना सगळं कळलं. पण चेहरा शांत.

"ठेवा. त्याशिवाय पुढं जाता येणार नाही!"

वनिताच्या आवाजाची वेगळीच कथा. खोली रस्त्यावर. ती बोलायला लागली, की बाहेर एसटीचा हॉर्न वाजलाच म्हणून समजा! शेवटी तिचे वडील बैलगाडी घेऊन आले. गाडीत अळीनं डागाळलेल्या कापसाची पोती. व्यापाऱ्यानं हातही लावला नव्हता. आम्ही ती चारी भिंतींना रचली. खोली अशी चिडीचूप झाली, की माझ्या घड्याळाची टिकटिक रेकॉर्ड व्हायला लागली!

वडील दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "चाला, कोणाले तं पसंत पडला!"

आणि तेच आधी हसले.

आवाज इतका साफ झाला, की नवीनच भानगड. चुकीच्या जागी क्लिक झालं, की धड्यातून वनिता खणखणीत ओरडायची, "चूक!" केंद्रावर गर्दी. ऑपरेटर सराव करतो आहे आणि मागची रांग एका सुरात म्हणते आहे, "चूऽऽक!" एकानं तर फोनच केला.

"ताई, जरा हळू सांगा ना. सासरे रांगेत उभे हायेत!"

वनिताला दया आली. तिनं "चूक" अगदी कानात सांगितल्यासारखं पुन्हा रेकॉर्ड केलं. आणि एवढ्यावर थांबली असती, तर बरं होतं. आधी सरावाचा अर्ज आम्ही ठरवलेलंच नाव घ्यायचा. तिनं सेटिंग बदललं. आता कोणतंही नाव टाका, चालेल!

मुदतीच्या आदल्या दुपारी मुकुटबनच्या केंद्रावरून ऑपरेटर भीमरावचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह!

"दादा, एक्केचाळीस जणांचे भरले! एकही चूक नाही! सगळ्यायले प्रमाणपत्र छापून देल्लं!"

"कसलं प्रमाणपत्र?"

"तेच ना, शेवटी येते ते. 'अभिनंदन! आपण शंभर टक्के गुणांनी उत्तीर्ण झालात.' खाली शेतकऱ्याचं नाव."

भीमरावनं सगळे अर्ज सरावाच्या धड्यात भरले होते! खऱ्या वेबसाइटवर एकही नाही. मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत.

दोन लॅपटॉप घेऊन आम्ही तिघं पहाटेच्या गाडीनं निघालो. गाड्या बदलत मुकुटबनला पोचायला साडेबारा वाजले. भीमरावनं दवंडी दिलेलीच होती. माणसं कागद घेऊन येत होती, आम्ही भरत होतो. चार वाजता चाळीस झाले. राहिल्या शांताबाई. त्या आल्या, पण सातबारा पदराखालून काढेनात.

"मी पास झाली ना बापू! पुन्हा परीक्षा कायले देऊ?"

सरांनी समजावलं, भीमरावनं हात जोडले. बाई हलेनात. शेवटी वनिता त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी, चूक माह्यी हाय. तुमची नाही. तुम्ही पासच झाल्या."

"मंग हा कागद वापस नाही मांगसान?"

"नाही मांगत."

शांताबाईंनी सातबारा काढला. त्यांचा अर्ज चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी गेला.

अर्ज एक्केचाळीस गेले. प्रमाणपत्र एकही परत आलं नाही.