कडू ढेप

वसंतराव त्याआधी माझ्या शाळेत कधी आले नव्हते. मी शुद्धलेखन सांगत होते, मुली माना खाली घालून लिहीत होत्या, आणि दारात हे उभे. डावा हात कोपरात वाकडा बसलेला, तो नेहमीसारखा पोटाशी धरलेला. मी व्हरांड्यात आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिले. "बाई... दौलत गेला. कोंबड्याइले ढेप फोडून राहिला होता. झटका आला, तो या बारीनं उठलाच नाई." जवळ कोण होते, मी विचारले. "मीच. डोकं माह्याच मांडीवर होतं..." आणि मग म्हणाले, "दुसऱ्यांदा." वर्गात मुली पुढच्या वाक्याची वाट पाहत होत्या. मी आत गेले, ते वाक्य सांगितले आणि पूर्णविराम सांगितला.

दौलत माझा मावसभाऊ. माझी आई आणि त्याची आई उमरेडच्या एका विणकर घरातल्या दोघी बहिणी. आईचे लग्न झाले. मावशीचे झाले नाही. ती शहराबाहेरच्या वाडी गावाच्या पुढे, अमरावती रोडवरच्या एका गावात, एका बागायतदाराच्या घरी राहिली. त्या घरात लग्नाची बायको होती, तिचा मुलगा वसंत होता. मावशीला अंगणापलीकडची खोली होती, आणि त्या खोलीत दौलत जन्मला. अशा मुलासाठी आमच्या भागात एक शब्द आहे, कडू. मी जन्मभर मराठी शिकवत आले. कोशात या शब्दापुढे कडुनिंब असतो, कारले असते. पण आमच्याकडे तो भर रस्त्यात माणसाच्या तोंडावर फेकून मारतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडे जात असे. एकदा विहिरीवर एका मोठ्या पोराने दौलतला त्या शब्दाने हाक मारली. दौलत तेव्हा माझ्या खांद्याएवढा. त्याने त्या पोराचे केस धरले आणि तोंड बैलांच्या दगडी डोणीवर आपटले. एकदा नाही. डोणीतले पाणी लाल झाले, बैलांनी त्याला तोंड लावले नाही. पोराच्या बापाने दौलतला लिंबाला बांधले आणि भिजवलेल्या कासऱ्याने झोडपले. रडला असता तर बाप लवकर थांबला असता असे मला वाटते, पण तो रडलाच नाही. मावशी पाठीवर हळद लावताना विचारत होती, "काहून मारलं गा त्याले तू?" पालथा पडलेला दौलत म्हणाला, "त्यानं मले हाक मारली."

त्याचे वडील वारले तेव्हा तो मिसरूड फुटलेला गडी झाला होता. तिरडी उचलायची वेळ आली आणि त्याने पुढे होऊन खांदा लावला. कुणी काही बोलले नसते कदाचित, पण वसंतरावांचे मामा ओरडले, "आधी कडूले काढा भाईर, मंग उचला!" पुढचे मी आवाराच्या भिंतीआडून, बायकांमध्ये उभी राहून पाहिले. चौघांनी त्याला ओढले, त्याने बांबू सोडला नाही. बुक्क्या, लाथा, कुणाची तरी काठी... तिरडी कलंडली, आणि पांढऱ्या कापडातून वडिलांचा हात बाहेर लोंबला. मग मात्र दौलतने स्वतःच बांबू सोडला. पुढचे दोन दात त्याने तळहातावर थुंकले, वडिलांचा हात उचलून कापडात सरकवला आणि बाजूला झाला. वसंतराव तेव्हा पुढचा बांबू धरून उभे होते. त्यांनी मारले नाही, आणि अडवलेही नाही.

वडिलांनी शेवटच्या आजारात वसंतरावांना सांगून ठेवले होते की रस्त्याकडची बरड पट्टी दौलतला दे. मामांना ते मान्य नव्हते. गावातल्या चार जाणत्यांनी मधला मार्ग काढला. दौलतने त्या पट्टीवर कोंबड्यांचा धंदा उभा करावा. चालला तर पट्टी त्याच्या नावावर, बुडाला तर त्याने आईला घेऊन गाव सोडावे. शहरात तेव्हा ब्रॉयलर नवीन होती. लोक तिला 'बॉयलर' म्हणत, ही उकडूनच जन्मते का असे विचारत. दौलत कुठूनसे शिकून आला, पट्टीवर लांबट शेड घातली. कापायचे कामही तोच करी. मी एकदा गेले तेव्हा हॉटेलवाले माल घ्यायला आले होते. तो कोंबडी उलटी धरायचा, सुरी फिरवायचा आणि लोखंडी पिंपात टाकायचा. पिंप आतून धडधडत राहायचे. माझा चेहरा पाहून तो हसला, मधले दोन दात नसलेले ते हसू. "काहून वं मास्तरीण, पळतं का? दुसऱ्याच्या हाती देलं तं अर्धं कापून सोडते ते. मरणच देणं हाये तं नीट तं द्या."

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. शेंगदाण्याच्या ढेपीवर (तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याच्या वड्यांना आमच्याकडे ढेप म्हणतात) त्याच्या पाखरांचे पोषण चालायचे. त्या साली ढेपीला आतून बुरशी होती. पाखरे पंख टाकून बसायची आणि सकाळी मेलेली दिसायची. दौलतने एक फाडून पाहिले, काळीज रक्ताळलेले आणि भुसभुशीत. मेलेली पाखरे पोत्यात भरून तो वाडीला व्यापाऱ्याच्या गोदामात गेला, पोते त्याच्या पांढऱ्या गादीवर उलटे केले आणि व्यापाऱ्याचे तोंड त्यात दाबले. हमालांनी त्याला पट्ट्यांनी मारत फाटकापर्यंत नेले. पण गोदामाबाहेर गर्दी जमली होती, मेलेली पाखरे सगळ्यांनी पाहिली होती. व्यापारी घाबरला. त्याने बदल्यात दुसरा माल देऊ केला. उत्तरेकडून ट्रकने आलेली मोहरीची ढेप, जिला इकडे कुणी हात लावत नव्हते. ट्रकवाले मोहरीच्या तेलाला 'कडवा तेल' म्हणत, म्हणून हमाल या मालाला कडू ढेप म्हणू लागले. खरे तर ती कडू नाही. तिखट आहे. कोरडी चावली तर आधी काहीच नाही; तोंडात पाणी सुटले की नाकातून कानापर्यंत झणका जातो.

दौलतला हे त्याच्या जिभेने सांगितले, पण उशिरा. शेडवर गंगाबाई कामाला होत्या. त्यांनी ढेप रात्रभर भिजत घातली आणि सकाळी मक्यात कालवून ठेवली. पाखरांनी चोच लावली आणि मागे सरली. दिवसभर उपाशी. संध्याकाळपर्यंत ती एकमेकांना टोचू लागली. एकाच्या शेपटीपाशी रक्त दिसले की बाकीची त्यावर तुटून पडत. जिवंत पाखराचे आतडे ओढून नेणारी पाखरे मी त्या दिवशी पाहिली. दौलत पाखरांत शिरून हातांनी त्यांना वेगळे करत होता, त्याचे हात कोपरापर्यंत लाल. मग तो गंगाबाईंच्या अंगावर धावून गेला. त्या जागच्या हलल्या नाहीत. "मार! मार मले! बैलाले लोकं ढेप भिजवूनच देते ना? का कोरडी कोंबते त्याच्या नरड्यात?"

"हे बैल हाये का वं?"

"तं मले पहिले सांगाचं होतं ना, का बैल नाई म्हणून!"

त्याचा उगारलेला हात खाली आला. त्याने कालवणातली चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तो खोकला. मग कोरडी ढेप चाखली, थांबला, पुन्हा भिजलेली चाखली. पाण्याने तिचा झणका जागा होतो हे त्याला असे कळले. त्यानंतर ढेप कोरडीच फोडायची, बारीक करायची, मका आणि कोंड्यात थोडीशीच मिसळायची. हावरेपणाने वाढवली की पिल्लांची वाढ खुंटे, गळे फुगत. तेही एकदा करून झाले. बाभळीच्या लाकडी हातोड्याने तो रोज वड्या फोडायचा, आणि पाखरांपुढे ठेवण्याआधी प्रत्येक कालवणाची चिमूट आधी त्याच्या जिभेवर. ही सवय शेवटपर्यंत राहिली.

पाखरे सावरली, वाढली, विकली गेली. धंदा पायावर उभा राहिला. मामा बोलायचे थांबले. तलाठ्याकडे जायचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या दिवशी वसंतराव स्वतःची बैलगाडी मक्याने भरून घेऊन पट्टीवर आले. कुणी सांगितले नव्हते. भावाच्या शेडवर आपल्या शेतातला मका, एवढेच त्यांच्या मनात होते असे ते मला पुढे म्हणाले. शेडच्या टोकाच्या खोलीत ढेपीच्या पोत्यांची थप्पी होती, मक्याला जागा नव्हती. वसंतरावांनी फाटकातूनच हमालांना हाळी दिली, "आधी कडूले काढा भाईर, मंग मका उतरवा!"

दौलत आत ढेप फोडत होता.

तेच शब्द, त्याच घरातला आवाज. तो हातोडा घेऊन बाहेर आला. वसंतराव हसून काही सांगणार होते, तोवर हातोडा त्यांच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज गंगाबाईंनी शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकला. दुसरा घाव डोक्यासाठी उचललेला पाहून वसंतरावांनी गाडीच्या कडेला खोचलेली लोखंडी उभाळी उपसली आणि एका हाताने, डोळे मिटून, मारली. ती दौलतच्या कानामागे लागली. तो फुटलेल्या पोत्यावर पडला. पिवळ्या ढेपीत रक्त भिनत गेले आणि ओल्या मोहरीचा वास उठला.

रस्त्यावरचा एक ट्रक थांबवून दोघांना दवाखान्यात नेले. मोडलेला हात लोंबत असताना वसंतरावांनी दौलतचे डोके मांडीवर धरले होते, आणि सबंध रस्ताभर ते एकच वाक्य म्हणत होते, "ढेपीले म्हटलं गा मी... ढेपीले म्हटलं..." मी पोचले तेव्हाही ते तेच म्हणत होते. पोलीस आला. वसंतराव म्हणाले, पोत्यांची थप्पी पडली. शुद्धीवर आल्यावर दौलतही तेच म्हणाला. पोलिसाने दोघांकडे पाहिले.

"दोघांवरही एकच थप्पी?"

"मोठी होती, साहेब," वसंतराव म्हणाले.

दौलत वाचला, पण डोक्यात काहीतरी मोडून राहिले. अधूनमधून झटके येऊ लागले. हात गळ्यात बांधलेला असतानाच वसंतराव तलाठ्याकडे जाऊन आले. पट्टी दौलतची झाली.

आणि त्या दिवसापासून वसंतरावांनी तो शब्द टाकला. औषधाची चव सांगायची तर ते तोंड वाकडे करून दाखवत. मोहरीच्या ढेपीला 'वरची ढेप' म्हणत, म्हणजे उत्तरेकडची. दौलतला यात फार मजा वाटे. रक्षाबंधनाला मी जात असे, तेव्हा दोघे एका पंगतीला बसत, आणि दौलत मुद्दाम मला कारल्याची भाजी करायला लावी.

"काय गा वसंतराव, भाजी कशी लागते?"

"कारल्यावानी."

"म्हणजे कशी?"

"अबे, कारल्यासारखी कारल्यावानी! खा ना चुपचाप."

दौलत हसता हसता वाकायचा. एकदा मात्र हसणे थांबवून तो मला हळूच म्हणाला, "म्हणत नाई पाह्य तो. मरून जाईल, पर म्हणनार नाई..." वसंतराव ताटाकडे पाहत जेवत राहिले.

दौलतची तिरडी उचलली तेव्हा पुढच्या बांबूला वसंतरावांचा खांदा होता. वाकड्या हाताने बांबू नीट धरता येत नव्हता, तरी त्यांनी कुणाला खांदा बदलू दिला नाही. भडाग्नीही त्यांनीच दिला.

तेरवी आटोपून मी पट्टीवर गेले. पाखरांना सुतक नसते. शेडमध्ये त्यांचा तोच कलकलाट. खोलीत बाभळीचा हातोडा ढेपीच्या वडीवर आडवा पडला होता, दौलतने टाकला तसाच. मूठ त्याच्या हाताने गुळगुळीत झालेली. वसंतराव आले, हातोडा उजव्या हाताने उचलला, वडी फोडली. गंगाबाईंनी चाळून मक्यात आणि कोंड्यात कालवली आणि पाटी पुढे करून उभ्या राहिल्या. आजवर ज्याच्यापुढे धरायची तो नव्हता. वसंतरावांनी हातोडा खाली ठेवला. मग चिमूट उचलून जिभेवर ठेवली. तोंडात पाणी सुटून झणका चढायला लागतो तेवढा वेळ गेला, त्यांचे डोळे भरून आले.

"कशी हाये मालक?" गंगाबाईंनी विचारले.

वसंतरावांनी घास गिळला.

"कडू," ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा, हाक मारल्यासारखे, शेडकडे तोंड करून, "कडू..."

गंगाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी पाटीचा दुसरा कान धरला, आणि आम्ही दोघी ती पाखरांपुढे घेऊन गेलो.